डेव्हलपमेंट व्हर्जनवर मशीन हँग होतंय? पॉवर बटण दाबायच्या आधी हे वाचा

मागच्या उन्हाळ्यात माझा लॅपटॉप जवळपास दीड महिना हँग होत होता. कधी दुपारी तीनला, कधी रात्री अकराला, आणि प्रत्येक वेळी मी एकच करायचे, पॉवर बटण दाबून धरायचं, परत चालू करायचं आणि सगळा दोष डेबियन सिडवर टाकायचा (सिड म्हणजे डेबियन लिनक्सचं अजून तयार होत असलेलं व्हर्जन). शेवटी एक दिवस वही घेऊन बसले आणि हळूहळू उलगडलं की मशीनला एक नाही दोन वेगळे आजार होते आणि त्यातला एकच सिडचा होता. दुसरा आमच्या घरामागच्या यंत्रमागांमुळे झालेला, तो पुढे सांगते. दोन्हीला मी "हँग" हे एकच नाव दिलं होतं, म्हणून एवढे दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

हे कोणासाठी, तर ज्यांनी नुकतंच डेबियन टेस्टिंग किंवा सिड, फेडोरा रॉहाइड, किंवा उबुंटूचं अजून रिलीज न झालेलं व्हर्जन टाकलंय त्यांच्यासाठी. अशा व्हर्जनमध्ये रोज नवीन पॅकेज येतात आणि कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा) पण पटापट बदलतो, साधारण ९-१० आठवड्यांनी लिनक्सचा नवा कर्नल निघतो आणि त्यात १० हजारांच्या वर बदल असतात. सगळ्या प्रकारच्या हार्डवेअरवर ते कोणी आधी चालवून बघितलेले नसतात, ते चालवून बघणारे आपणच. त्यामुळे हँग होणार हे धरूनच चाला. झाल्यावर त्यातून माहिती काढता आली पाहिजे, खरी गोष्ट ती आहे.

कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. जर्नल म्हणजे सिस्टीमचा लॉग, तो दाखवणारी कमांड जर्नलसीटीएल, हा एकच शब्द आहे, जर्नलच्या स्पेलिंगला सीटीएल जोडून.

आधी एवढं जवळ ठेवा

- दुसरं कुठलंही मशीन, नसेल तर फोन. फोनवर टर्मक्स हे टर्मिनल ॲप टाकून त्यात एसएसएच घ्या (एका मशीनवरून दुसऱ्यात नेटवर्कने लॉगिन करायची सोय), यासारखं उपयोगी काही नाही.
- ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यात स्टेबल व्हर्जनची लाइव्ह इमेज, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी.
- सगळ्या फाइलींचा बॅकअप, वेगळ्या हार्डडिस्कवर. हा नसेल तर पुढचं वाचू नका, आधी बॅकअप घ्या.
- लॅन केबल, जमलं तर.
- वही आणि पेन. खरंच वही, कारण मशीन हँग असताना मशीनवर नोंद कशी करणार.
- हँग व्हायच्या आधीच मशीनवर एसएसएच सर्व्हर टाकून चालू करून ठेवा आणि फोनवरून एकदा लॉगिन करून बघा. आयपी ॲड्रेस वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

१. हात मागे घ्या आणि पाच मिनिटं नुसतं बघा

सगळ्यात अवघड पायरी ही आहे. माझ्या मामेभावाचा जुळे सोलापुरातून फोन यायचा, "ताई, परत हँग झालं बघ, बंद करून चालू केलं," आणि मी विचारायचे की अरे बंद करायच्या आधी काय दिसत होतं, तर त्याला काहीच सांगता यायचं नाही. पुरावा तिथंच पुसला गेलेला असायचा.

पाच मिनिटंच का, तर त्यालाही कारण आहे. एखादं काम डिस्ककडून उत्तर येईना म्हणून अडकून पडलं तर कर्नल त्याची तक्रार लगेच लिहीत नाही, बहुतेक ठिकाणी ती मर्यादा १२० सेकंदांची असते, आणि तपासणी पण ठराविक वेळाने होते म्हणून ओळ उमटायला तीन-चार मिनिटं लागू शकतात. प्रोसेसरचा एखादा कोअर गोल गोल फिरत बसला असेल तर ते साधारण २० सेकंदांत लिहिलं जातं. तुम्ही मिनिटाच्या आत बटण दाबलं तर यातली पहिली ओळ कधीच मिळणार नाही.

थांबलात की हे बघा, आणि वेळेसकट वहीत लिहा:

माउसचा पॉइंटर हलतो का. गाणं चालू असेल तर चालूच आहे का, की एकच तुकडा परत परत वाजतोय. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का. फॅनचा आवाज वाढलाय का. फोनवरून पिंग (मशीन नेटवर्कवर जिवंत आहे का विचारणारी कमांड) केलं तर उत्तर येतं का. हँग व्हायच्या आधीच्या मिनिटाला तुम्ही काय केलं, झाकण उघडलं, मॉनिटर जोडला, मोठी फाइल कॉपी करत होता, बॅटरीवर होता की चार्जरवर.

यावरून अर्धं निदान होतं. पॉइंटर हलतोय पण क्लिक कशालाच लागत नाही, म्हणजे बहुतेक डेस्कटॉप अडकलाय, खाली सगळं जिवंत आहे. चित्र थिजलंय पण गाणं चालू आणि पिंगला उत्तर येतंय, म्हणजे संशय ग्राफिक्सवर. माउस तुटक तुटक, डिस्कचा दिवा सतत पेटलेला, म्हणजे मेमरी भरलीय नाहीतर डिस्क रखडलीय. कॅप्स लॉकला काहीच प्रतिसाद नाही आणि पिंग पण नाही, तर कर्नलच थांबला किंवा हार्डवेअर. आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा आपोआप उघडझाप करत असेल तर तो कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलनेच हात टेकले, तिथं थांबून उपयोग नाही, स्क्रीनवर काही अक्षरं किंवा क्यूआर कोड आला असेल तर त्याचा फोटो काढा आणि पुढं चला.

अजून एक, मशीन स्वतःहून बंद पडून परत चालू झालं तर तो हँग नाही, तो रिस्टार्ट, त्याची कारणं वेगळी. आमच्याकडे मला हे आवाजावरून कळतं, लाइट गेली की मागचे सगळे माग एकदम थांबतात, खडखडाट बंद. माग चालू आहेत आणि फक्त माझं मशीन गेलं म्हणजे लाइटचा संबंध नाही. तुमच्याकडे माग नसतील तर पंख्याकडे बघा. लॅपटॉपची बॅटरी संपून मेलेली असेल तर लाइटच्या एका झटक्यात मशीन जातं आणि आपल्याला वाटतं नवीन कर्नल खराब आहे.

२. बाहेर पडायचा रस्ता, सौम्य उपाय आधी

पहिलं, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा स्क्रीन येऊन लॉगिन विचारलं तर तुम्ही वाचलात, आत जाऊन टॉप चालवून बघा कोण मशीन खातंय.

दुसरं, ते नाही जमलं तर फोनवरून एसएसएच. आत जाता आलं तर लगेच रिबूट करू नका. आधी डीमेसजी या कर्नलचे मेसेज दाखवणाऱ्या कमांडचा आउटपुट एका फाइलमध्ये साठवा, मग जर्नल बघा, मग रिबूट. हँग चालू असताना आत जाऊन घेतलेली माहिती म्हणजे सोनं आहे, नंतर हजार ओळी चाळून पण ती मिळत नाही.

तिसरं, काहीच चालत नसेल तर मॅजिक सिसआरक्यू, म्हणजे कीबोर्डवरून थेट कर्नलला हुकूम द्यायची सोय. ऑल्ट दाबून धरायचं, प्रिंटस्क्रीनची की दाबून धरायची (काही लॅपटॉपवर एफएन पण लागतं), आणि दोन-दोन सेकंद थांबत एकेक अक्षर: आर, ई, आय, एस, यू, बी. आर कीबोर्डचा ताबा परत घेतो, ई सगळ्या प्रोग्रॅमना बंद व्हायला सांगतो, आय जबरदस्तीने बंद करतो, एस डिस्कवर राहिलेलं लिहून टाकतो, यू डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवतो आणि बी रिबूट. बटण दाबून धरण्यापेक्षा यात फाइलसिस्टीम बिघडायचा धोका कितीतरी कमी.

आता यातली मेख ऐका, कारण बहुतेक लेखांत ही सहा अक्षरं सांगतात आणि सोडून देतात. सगळीकडे सगळी अक्षरं चालू नसतात. कर्नल डॉट सिसआरक्यू नावाची एक सेटिंग आहे, तिचा आकडा ठरवतो. उबुंटूवर तो १७६ असतो, म्हणजे १२८ अधिक ३२ अधिक १६, यात फक्त एस, यू आणि बी चालतात. माझ्या डेबियनवर ४३८ होता, त्यात आर पण चालतो, पण ई आणि आय नाही. फेडोरावर १६, म्हणजे एकटा एस. मामेभाऊ उबुंटूवर ई दाबून "काहीच होईना" म्हणून बसायचा, होणारच नव्हतं. स्वतःच्या टेस्टिंगच्या मशीनवर आकडा १ करून टाका, सगळं चालू होतं. सुडो सिससीटीएल कर्नल डॉट सिसआरक्यू बरोबर १, एवढं केलं की तेवढ्यापुरतं झालं, कायमचं हवं असेल तर ईटीसीमधल्या सिससीटीएल डॉट डी फोल्डरमध्ये तीच ओळ एका फाइलमध्ये लिहा. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर मात्र हे करू नका, कीबोर्डपाशी बसलेला कोणीही मग लॉक स्क्रीनचा प्रोग्रॅम मारू शकतो.

१ केल्यावर अजून दोन अक्षरं मिळतात ती लक्षात ठेवा. एफ, मेमरी खाणारा सगळ्यात मोठा प्रोग्रॅम मारतो, मेमरी भरून हँग झालं असेल तर बऱ्याचदा यानेच सुटका होते. आणि डब्ल्यू, जी कामं अडकून पडलीत त्यांची यादी कर्नल लॉगमध्ये लिहितो. रिबूटच्या आधी डब्ल्यू आणि मग एस, ही सवय लावून घ्या.

पॉवर बटण सगळ्यात शेवटी.

३. परत चालू झालं की पहिलं काम लॉग

ब्राउझर उघडू नका, अपडेट करू नका. टर्मिनल उघडा आणि

जर्नलसीटीएल -बी -१ -ई

बी म्हणजे बूट, -१ म्हणजे याच्या आधीचा, ई म्हणजे थेट शेवटाकडे. फक्त कर्नलच्या ओळी हव्या असतील तर -के पण जोडा. आउटपुट फाइलमध्ये साठवा, नावात तारीख आणि वेळ टाका. मागचा बूटच दिसत नाही असा मेसेज आला तर जर्नल फक्त मेमरीत ठेवलं जातंय, वार मधल्या लॉग मध्ये जर्नल नावाचं फोल्डर बनवून मशीन रिबूट करा, पुढच्या वेळेपासून साठेल.

पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जर्नलच्या फाइली डिस्कवर पक्क्या करायचं काम डिफॉल्टला ५ मिनिटांनी एकदा होतं, फक्त फार गंभीर ओळ असेल तरच लगेच. म्हणजे मशीन एकदम गच्च झालं तर शेवटच्या, नेमक्या कामाच्या ओळी गायब. आणि लॉगमध्ये काहीच नाही म्हणून हार्डवेअरच असेल असं आपण धरून बसतो. जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये सिंक-इंटरव्हल-सेक १० सेकंद करा, डिस्कला थोडं जास्त काम पडतं, टेस्टिंगपुरतं चालतं.

त्याहून भारी उपाय म्हणजे फोन. हँग व्हायची वेळ साधारण माहीत असेल तर आधीच फोनवरून एसएसएच करून जर्नलसीटीएल -के -एफ चालू करून फोन बाजूला ठेवून द्या, फोनचा स्क्रीन बंद होऊ देऊ नका. मशीन मेलं तरी त्याने शेवटी पाठवलेल्या ओळी फोनवर तशाच राहतात. माझा रात्रीचा हँग मला असाच सापडला. यापुढची पायरी नेटकन्सोल, त्यात कर्नल स्वतःच्या ओळी नेटवर्कवरून सरळ दुसऱ्या मशीनला पाठवतो, पण त्याला लॅन केबल लागते, वायफायवर सहसा होत नाही. आणि पॅनिक झाला असेल तर वार, लिब, सिस्टीमडी, पीस्टोअर हे फोल्डर बघा, कधीकधी मदरबोर्डच्या मेमरीत वाचलेला शेवटचा तुकडा तिथं येऊन पडलेला असतो.

४. त्या ओळी वाचायच्या कशा

लाल रंगाच्या सगळ्या ओळी बघून घाबरायचं नाही, चांगल्या चालणाऱ्या मशीनवर पण दहा-वीस लाल ओळी असतात. म्हणून एक हँग न झालेल्या दिवसाचा लॉग पण साठवून ठेवा आणि दोन्ही समोरासमोर धरा, जी ओळ फक्त हँगच्या दिवशी आहे ती आपली.

"सॉफ्ट लॉकअप", पुढं सीपीयूचा नंबर आणि स्टक फॉर इतके सेकंद, म्हणजे कर्नलमधलाच कोड कुठंतरी फिरत बसलाय, खालच्या यादीत ड्रायव्हरचं नाव सापडेल. "ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स", म्हणजे ते काम डिस्कची नाहीतर नेटवर्क ड्राइव्हची वाट बघत होतं. "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस", सरळ आहे, रॅम संपली. इंटेल ग्राफिक्सवर "जीपीयू हँग", एएमडीवर "रिंग" आणि "टाइमआउट" असलेली ओळ, एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर "एक्सआयडी" आणि एक नंबर. एनव्हीएमई डिस्कचं नाव घेऊन टाइमआउट किंवा कंट्रोलर इज डाउन आलं तर आधी बॅकअप परत तपासा मग बाकीचं. "हार्डवेअर एरर" किंवा "मशीन चेक" दिसलं तर सॉफ्टवेअर सोडा, पुढच्या पायरीवर या.

"अबव्ह थ्रेशोल्ड, सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड", म्हणजे प्रोसेसर फार तापला म्हणून त्याचा वेग कमी केला, ही ओळ तर आपल्या सोलापूरवाल्यांनी पाठच करावी.

५. उष्णता, धूळ, रॅम, डिस्क: हे आधी बाजूला काढा

आता माझा दुपारचा हँग. दुपारी तीनच्या सुमाराला मशीन आधी रांगायला लागायचं, माउस तुटक, टाइप केलेलं दहा सेकंदांनी उमटायचं, मग स्क्रीन पांढरा आणि मी बटण दाबायचे. सिडमध्ये त्या आठवड्यात नवा कर्नल आला होता म्हणून मी त्यालाच धरून बसले. शहरातल्या एका दुकानात दाखवलं तर त्यांनी न उघडताच मदरबोर्ड गेलाय सांगितलं.

मग वहीतल्या नोंदी बघितल्या. दुपारचे सगळे हँग दोन ते पाचच्या मधले. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या पुढं, आमची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. सेन्सर्स नावाची कमांड चालवली (एलएम-सेन्सर्स पॅकेज टाकावं लागतं), दुपारी प्रोसेसर ९७-९८ वर, रात्री तेच काम करताना ७२. खात्रीसाठी पेनड्राइव्हवरून स्टेबल डेबियन लाइव्ह चालू केलं, दुपारी तीनलाच, आणि त्यावर तेवढाच लोड दिला. तिथं पण तसंच रांगायला लागलं. म्हणजे सिडची सुटका झाली.

लॅपटॉप उघडला तर फॅन आणि जाळीच्या मध्ये कापसाच्या तंतूंचा थर बसलेला, चक्क चादरीच्या तुकड्यासारखा, चिमटीने अख्खा निघाला. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्या, मागांचा बारीक तंतू हवेत असतोच, आणि तो साध्या धुळीसारखा फुंकरीने उडत नाही, जाळीवर नमद्यासारखा बसतो. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर जोरात फिरून बिघडतो. दर तीन महिन्यांनी मी आता उघडते. त्यानंतर दुपारचा एकही हँग नाही.

रॅमसाठी मेमटेस्ट८६प्लस, ग्रबच्या (मशीन चालू होताना काय सुरू करायचं ते विचारणारा प्रोग्रॅम) मेनूतून, रात्रभर. पाच मिनिटं चालवून "ठीक आहे" म्हणू नका, पूर्ण फेऱ्या होऊ द्या, आणि एक जरी चूक दाखवली तरी ती रॅम खराब, एकेक पट्टी काढून परत चालवा. डिस्कसाठी स्मार्टसीटीएल -ए आणि डिस्कचं नाव.

जुनं मशीन वापरत असाल तर दोन माहीत असलेले त्रास: इंटेलच्या बे ट्रेल पिढीचे सेलेरॉन-पेंटियम लिनक्सवर खोल झोपेच्या अवस्थेत जाऊन गच्च व्हायचे, तिथं इंटेल आयडलचा मॅक्स सी-स्टेट हा कर्नलचा पर्याय १ करून लोकांनी वर्षानुवर्षं काम चालवलं. आणि पहिल्या पिढीचे रायझन रिकामे बसले की हँग, त्यासाठी बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल हा पर्याय टिपिकल करंट आयडलवर न्यायचा. मशीन कामात असताना नाही तर नुसतं बसून असताना हँग होतंय, अशी नोंद असेल तर हे आठवा.

६. जुन्या कर्नलवर जाऊन बघा

हार्डवेअर सुटलं की मग कर्नल. मशीन चालू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबचा मेनू आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात मागचा कर्नल निवडा. त्यावर निदान तेवढे दिवस चालवा जेवढ्या दिवसांत आधी तीन हँग झाले असते. एक दिवस नाही झाला म्हणून निकाल लावू नका.

इथला मोठा सापळा म्हणजे एपीटी ऑटोरिमूव्ह. जुने कर्नल ते काढून टाकतं, आणि तुमचा चांगला चालणारा एकमेव कर्नल त्यातच जातो. चांगला कर्नल सापडला की त्या पॅकेजवर एपीटी-मार्क मॅन्युअल करून ठेवा. गेलाच असेल तर डेबियनच्या स्नॅपशॉट साठ्यात २००५ पासूनची पॅकेज तारखेप्रमाणे ठेवलेली आहेत, तिथून मिळतं. उबुंटूवाल्यांना मेनलाइन कर्नल मिळतात, म्हणजे उबुंटूने काही न बदललेले, त्यावर पण हँग झालं तर बग मुळातला आहे आणि नाही झालं तर उबुंटूच्या बदलातला. फक्त त्या कर्नलवर सही नसते, सिक्युअर बूट चालू असेल तर ते उघडत नाहीत, घाबरू नका.

माझा रात्रीचा हँग असा पकडला. रात्री मी कामासाठी बाहेरचा मॉनिटर जोडते, जोडल्यावर तासा-दीड तासात चित्र थिजायचं, गाणं चालूच, फोनवरून आत जाता यायचं, फोनवर "जीपीयू हँग" ओळ. मागच्या कर्नलवर आठ रात्री काही झालं नाही, नव्यावर दुसऱ्याच रात्री झालं. परत जुन्यावर, काही नाही.

७. एका वेळी एकच गोष्ट बदला

कर्नल जुना करूनही हँग होत असेल तर बघा त्या दिवशी काय काय आलं. वार, लॉग, एपीटी, हिस्टरी डॉट लॉग या फाइलमध्ये तारीखवार सगळं असतं. पहिल्या हँगच्या आदल्या तीन दिवसांची यादी काढा. त्यात मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी), फर्मवेअर, ग्नोम शेल किंवा क्विन (डेस्कटॉप चालवणारे प्रोग्रॅम), सिस्टीमडी, एनव्हिडिया यांच्यावर आधी नजर टाका.

मग एक मागे घ्या, दोन दिवस बघा, मग दुसरं. ग्रबमध्ये चार पर्याय एकदम टाकून हँग थांबला तर कशाने थांबला हे कळत नाही आणि ते चार पर्याय वर्षभर तसेच राहतात. नोमोडसेट हा पर्याय बरेच जण सरसकट टाकायला सांगतात, त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बाजूला पडतो, तपासण्यापुरता ठीक आहे, त्यावर रोज काम करायचं नाही.

अपडेट घेतानाचे सापळे पटकन सांगते. फुल-अपग्रेड करताना "हे काढलं जाईल" ही यादी न वाचता वाय दाबू नका, डेव्हलपमेंट व्हर्जनमध्ये अर्धी पॅकेज नवी आणि अर्धी जुनी असा मधला दिवस येतो, त्या दिवशी अख्खा डेस्कटॉप त्या यादीत असतो, थांबा, दोन दिवसांनी करा. उबुंटूवर प्रपोज्ड (अजून तपासणी चालू असलेल्या पॅकेजचा साठा) चालू करू नका. डेबियनवर एपीटी-लिस्टबग्ज टाका, पॅकेज यायच्या आधीच त्यावरचे गंभीर बग दाखवतं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल बनलं का हे डीकेएमएस स्टेटसने बघा, मगच रिबूट.

८. बग रिपोर्ट करा, ते पण नीट

नवीन लोक इथं कचरतात, वाटतं एवढ्या मोठ्या लोकांना आपण काय सांगणार. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेव्हलपर डेबियन सिडवर काम करत होता, त्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने ते सोडलं नाही, आणि एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये कोणीतरी लपवलेला मागचा दरवाजा २९ मार्चला जगासमोर आला. उबुंटू २४.०४ चा बीटा त्यामुळे आठवडाभर पुढं गेला. तो स्टेबल व्हर्जनमध्ये पोचायच्या आधी सापडला तो डेव्हलपमेंट व्हर्जन चालवणाऱ्या माणसाला. तुमचा हँग एवढा मोठा नसेल, पण तुमच्यासारखाच लॅपटॉप असलेल्या कोणाला तरी तो उद्या स्टेबलवर भेटणार आहे.

डेबियनवर रिपोर्टबग, उबुंटूवर उबुंटू-बग लिनक्स ही कमांड, फेडोराला बगझिला. आधी तुमची नेमकी ओळ शोधून बघा, आधीच कोणी लिहिलंय तर तिथंच भर घाला. रिपोर्टमध्ये हे असू द्या:

- मशीनचं मॉडेल, प्रोसेसर, ग्राफिक्स, बायोसचं व्हर्जन
- कोणत्या कर्नलवर होतं आणि कोणत्यावर होत नाही, दोन्हीचे पूर्ण नंबर
- काय केल्यावर होतं, किती वेळात, दहापैकी किती वेळा
- हँगच्या वेळचा पूर्ण कर्नल लॉग जोडून, फक्त शेवटच्या चार ओळींचा फोटो नको
- काय काय करून बघितलं आणि त्याचा काय परिणाम झाला

पाठवायच्या आधी लॉगमध्ये वायफायचं नाव, मॅक ॲड्रेस, स्वतःचं युजरनेम आहे का बघा आणि पुसा. "अर्जंट" लिहू नका. कोणी गिट बायसेक्ट (नेमक्या कोणत्या बदलाने बिघडलं ते शोधायची पद्धत) करायला सांगितलं तर नाही म्हणायच्या आधी ऐका, १० हजारांच्या वर बदल असले तरी दर वेळी अर्धे अर्धे करत जायचं असतं म्हणून साधारण १४ वेळा कर्नल बनवून तपासावा लागतो, जुन्या लॅपटॉपवर दोन-तीन आठवडे संध्याकाळचे जातात. माझ्यावर ती वेळ आली नाही, माझी ओळ आणि दोन कर्नल नंबर बघून डेव्हलपरने एक पॅच तपासायला दिला, तो चालला, आणि पुढच्या छोट्या अपडेटमध्ये तो आला.

९. कधी थांबायचं

परीक्षा तोंडावर आहे, किंवा घरून नोकरी आहे आणि रोज मीटिंग, तर त्या मशीनवर हे व्हर्जन ठेवू नका. मामेभावाला मी सेमिस्टरच्या परीक्षेआधी सरळ स्टेबल टाकायला लावलं, तो नाराज झाला पण सबमिशन वेळेत झालं, आता जुन्या डेस्कटॉपवर डेव्हलपमेंट व्हर्जन चालवतो.

परत स्टेबलवर जायचं म्हणजे रिपॉझिटरीची नावं बदलून डाउनग्रेड होईल असं समजू नका, डेबियन आणि उबुंटू दोन्हीकडे तो रस्ता नाही, नव्यानेच टाकावं लागतं. होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ते न पुसता टाकता येतं. फक्त पहिलं लॉगिन जुन्या नावाने करू नका, नवीन युजर बनवून आत जा, कारण नव्या व्हर्जनच्या सेटिंगच्या फाइली जुन्या डेस्कटॉपला कळत नाहीत आणि तो परत अडकतो. तिथं सगळं नीट चाललं की जुन्या होममधून फक्त तुमची कागदपत्रं, फोटो आणि प्रोजेक्टची फोल्डर उचला.